जुन्या गाडीची किंमत किती टाकायची?

४ ऑगस्ट २०११ची संध्याकाळ. इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळ, हॅडन गावाच्या बाजूने जाणाऱ्या ए-६०५ रस्त्यावर गडद मरून रंगाची एक गाडी घसरली, गरगर फिरली, झाडावर आणि रस्त्याच्या पाटीवर आदळली आणि पेटली. चालवणारा गृहस्थ खांद्याचे हाड मोडून घेऊन, पण स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हा गृहस्थ म्हणजे रोवन ॲटकिन्सन, आपला ‘मिस्टर बीन’. पडद्यावर तो पोपटी रंगाच्या मिनीला दारावर कडी-कुलूप लावून फिरतो. खऱ्या आयुष्यात मात्र त्याच्याकडे मॅकलारेन एफ-१ होती. अशा गाड्या जगात फक्त १०६ बनल्या आणि त्यांपैकी निव्वळ रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेल्या तर ६४च. १९९८ साली या मॉडेलने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठून विक्रम केला होता.

ॲटकिन्सनने ही गाडी १९९७ साली घेतली, तेव्हा तिची किंमत ५ लाख ४० हजार पौंडांच्या घरात होती. शोरूममधून आणून काचेच्या कपाटात ठेवण्याचा त्याचा स्वभाव नाही. तो ती चालवायचा, भाजी आणायलासुद्धा न्यायचा म्हणतात. १९९९ साली याच गाडीने पुढच्या एका छोट्या मेट्रो गाडीला मागून ठोकले होते, तेव्हा २०११चा प्रकार तिच्यासाठी अगदी पहिला नव्हता. पण या वेळी गाडीचा पार चेंदामेंदा झाला होता. इंजिन सांगाड्यापासून सुटून दूर जाऊन पडले होते. कुणालाही वाटावे की आता भंगारवाल्याला फोन करायचा. तो फोन झाला नाही. गाडी वोकिंगला मॅकलारेनच्याच कार्यशाळेत गेली, वर्षाहून अधिक काळ तिथे राहिली आणि नव्यासारखी होऊन बाहेर आली. बिल झाले सुमारे ९ लाख १० हजार पौंडांचे, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण पावणेआठ कोटी रुपये. ब्रिटनमधल्या एका गाडीच्या दुरुस्तीचे हे तोवरचे सर्वांत मोठे बिल मानले गेले, आणि ते विमा कंपनीने भरले.

पुढच्या वर्षाचा हप्ता ६० हजार पौंडांवर गेल्याचे तिथल्या वृत्तपत्रांनी छापले. हप्त्याचा आकडा वाचून लोक हसले. पण खरा प्रश्न हप्त्याचा नव्हताच. शहाण्यासुरत्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या विमा कंपनीने एवढे बिल भरले कशाला?

उत्तर साधे आहे. त्या वेळी अशा गाडीचा बाजारभाव ३५ लाख पौंडांच्या आसपास सांगितला जात होता. म्हणजे नऊ लाखांचे बिल गाडीच्या किमतीच्या चौथाईइतके. गाडी ‘संपली’ असे जाहीर करून मालकाच्या हातावर पूर्ण रक्कम ठेवण्यापेक्षा दुरुस्ती करणे कंपनीला कितीतरी स्वस्त पडत होते. आणि २०१५ साली हीच जळकी, दोनदा ठोकलेली गाडी ८० लाख पौंडांना विकली गेल्याच्या बातम्या आल्या.

आता हाच न्याय कुर्ल्याच्या एका लेकीला लावून पाहू.

प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात बनलेली, १,०८९ सीसी इंजिनाची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली गाडी. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले. ज्यांच्या दारात वडिलांची किंवा आजोबांची खासगी पद्मिनी उभी होती, त्यांना अचानक तिच्याकडे नव्याने पाहावेसे वाटू लागले. मग इंजिनाचे काम, नवा रंग, क्रोमचे बंपर परत चमकवणे, सीटची कव्हरे. समजा, अशा एका हौशी मालकाने गाडीवर चार लाख रुपये घातले. विम्याचे नूतनीकरण मात्र वर्षानुवर्षे एजंटच करत आला आहे, आणि पॉलिसीवर गाडीची किंमत लिहिली आहे ६० हजार.

एके दिवशी सिग्नलला मागच्या टेम्पोचा ब्रेक लागत नाही आणि पद्मिनी पुढच्या बसवर जाऊन आदळते. बंपर, जाळी, दिवे, रेडिएटर, बॉनेट. सुटे भाग ४० हजारांचे, डेंटिंगची मजुरी १० हजार, रंगकाम २० हजार. एकूण ७० हजार. मॅकलारेनच्या बिलापुढे हा आकडा म्हणजे चहापाणी. पण भारतात मोटार विम्याचा सर्वमान्य नियम असा, की दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवरच्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरायची. ६० हजारांचे ७५ टक्के म्हणजे ४५ हजार. बिल ७० हजारांचे. म्हणजे एका बंपरच्या आणि बॉनेटच्या धक्क्याने, इंजिन टणटणीत असलेली पद्मिनी कागदावर मेली.

दोन अपघात, दोन गाड्या. ॲटकिन्सनच्या गाडीचे दोन तुकडे होऊनही ती जगली, आणि पद्मिनीचे नाक फुटले तरी ती गेली. फरक लोखंडात नव्हता, पॉलिसीवर छापलेल्या एका आकड्यात होता.

या आकड्याला आपल्याकडे आयडीव्ही म्हणतात, म्हणजे ‘इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू’, मराठीत सांगायचे तर विमाधारकाने जाहीर केलेली किंमत. १ जुलै २००२पासून लागू झालेल्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’ने ती काढायची रीत घालून दिली. त्यातले दर कंपन्यांवर आता बंधनकारक नाहीत, २००७पासून मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता त्या आपल्या आपण ठरवतात. पण पॉलिसीची भाषा, घसाऱ्याचे कोष्टक आणि ७५ टक्क्यांची रेघ, हा साचा बहुतेक ठिकाणी अजून तोच आहे. नव्या गाडीची किंमत सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसरते, वर्षाच्या आत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. आणि पाच वर्षांनंतर? पाच वर्षांनंतर कोष्टकच संपते. तिथून पुढे, आणि ज्यांचे उत्पादन बंद झाले अशा सगळ्या मॉडेलांसाठी, किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असे टॅरिफ सांगते.

हे वाक्य नीट वाचण्याजोगे आहे. जुन्या गाडीची किंमत आपोआप शून्याकडे जाते असे कुठेही लिहिलेले नाही. ती बोलून ठरवायची आहे. प्रत्यक्षात ती बोलली जात नाही, कारण बोलायला कुणी बसत नाही. एजंटच्या संगणकात एक आकडा येतो, गेल्या वर्षीपेक्षा थोडा कमी, मालक हप्ता कमी झाला म्हणून खूश होतो आणि सही करतो. दुसरीही एक गोष्ट टॅरिफने मालकाच्या बाजूची लिहून ठेवली आहे. एकदा ठरलेली किंमत त्या पॉलिसीच्या वर्षभरासाठी बाजारभाव मानायची, टोटल लॉसच्या वेळी तिच्यातून पुन्हा घसारा कापायचा नाही. म्हणजे जी सोय मिळवायला परदेशातले हौशी खास पॉलिसी शोधत फिरतात, तिचा अर्धा भाग आपल्याकडे साध्या पॉलिसीतच आहे. फक्त आकडा बरोबर टाकायला हवा.

परदेशात त्या खास पॉलिसीला ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ म्हणतात. किंमत आधी ठरवायची, फोटो आणि मूल्यांकन जोडायचे, आणि गाडी संपली तर वाद न घालता तीच रक्कम द्यायची. अमेरिकेत या धंद्यातले मोठे नाव हॅगर्टी. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत १९८४ साली एका दांपत्याने ही कंपनी सुरू केली, तीही गाड्यांसाठी नव्हे, जुन्या लाकडी होड्यांसाठी. हाताने घडवलेल्या लाकडी होडीला ‘दरवर्षी इतके टक्के घसारा’ हे गणित लावता येत नाही, हे ज्यांना कळले त्यांना जुन्या मोटारीचे कळायला वेळ लागला नाही. अमेरिकेतली नेहमीची पॉलिसी मात्र ‘ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू’ देते, म्हणजे अपघाताच्या क्षणी घसारा वजा जाता गाडीची जी किंमत असेल ती. या दोहोंच्या मधे ‘स्टेटेड व्हॅल्यू’ नावाचा एक फसवा प्रकार आहे. मालक किंमत सांगतो, कंपनी लिहून घेते, हप्ताही त्यावरच लावते, पण दावा आला की सांगितलेली किंमत आणि बाजारभाव यांपैकी जी कमी असेल तेवढेच देण्याचा हक्क राखून ठेवते. नावात एकाच शब्दाचा फरक, आणि तो कळतो तेव्हा गाडी गॅरेजात असते.

पद्मिनीकडे परत येऊ. समजा, पॉलिसीवर चार लाख लिहिले असते. ७५ टक्क्यांची रेघ मग तीन लाखांवर गेली असती आणि ७० हजारांचे बिल साधा दुरुस्तीचा दावा ठरले असते. मात्र त्यात कात्री लागतेच. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. लाकडी भागांचा टॅरिफने वेगळा उल्लेख करून त्यांना धातूच्याच रांगेत बसवले आहे. ज्यांच्याकडे लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेली युद्धपूर्व गाडी आहे, त्यांना ती ओळ अंगावर येते. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाचे बिल एकत्रित असेल, तर त्यातला चौथा हिस्सा रंगाचा माल धरायचा आणि तेवढ्यावरच निम्मी कपात करायची.

तर हिशेब असा. ४० हजारांच्या भागांतून २० हजार गेले. २० हजारांच्या रंगकामात ५ हजारांचा माल, त्यातून अडीच हजार गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला मालकाने सोसायचे सक्तीचे हजार रुपये गेले. हाती ४६,५०० रुपये. आणि ६० हजारांच्या पॉलिसीत टोटल लॉस झाला असता तर हाती आले असते ५९ हजार. गंमत आहे ती इथे. चुकीच्या आकड्याची पॉलिसी साडेबारा हजार रुपये जास्त देते आणि गाडी घेऊन जाते.

म्हणून जुन्या गाडीचा दावा करताना बिल कसे लिहिले आहे याला फार महत्त्व. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात मिळालेला अस्सल जुना दिवा मालकाला सोन्याहून पिवळा वाटतो, पण कागदाच्या चिटोऱ्यावरचे कच्चे बिल विमा कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरच्या फायलीत बसत नाही. उलट मिस्त्रीने चार दिवस बसून तेच जुने बॉनेट ठोकून सरळ केले, तर ती मजुरी आहे आणि मजुरी पूर्ण मिळते. नव्या गाड्यांच्या वर्कशॉपात भाग ‘बदला’ म्हणतात, कारण बदलणे सोपे. जुन्या गाडीत दुरुस्त करणे गाडीच्या अस्सलपणाच्याही हिताचे आणि दाव्याच्याही. फक्त गॅरेजने माल वेगळा, मजुरी वेगळी आणि रंग वेगळा, असे तीन रकान्यांत पक्के बिल द्यायला हवे. सगळे मिळून ‘ॲक्सिडेंट काम, ७०,०००’ असे एका ओळीत लिहिले, की सर्व्हेअर स्वतःच्या मनाने वाटणी करतो, आणि त्याचे मन कंपनीच्या बाजूला थोडे झुकलेले असणे स्वाभाविक आहे. गाडी उघडण्याआधी त्याला बोलावले नाही तर तो प्रश्नही येत नाही. दावाच अडतो.

अपघातानंतर घसरलेली किंमत हे आणखी एक दुखणे. कितीही सुंदर दुरुस्त केली तरी ‘ठोकलेली’ गाडी विकताना गिऱ्हाईक पाडून मागते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली विमा कंपन्यांना सांगितले, की स्वतःच्या ग्राहकाच्या दाव्यातही ही घट मोजा. आपल्याकडच्या ठरावीक पॉलिसीत आनुषंगिक नुकसान आणि घसारा सरळ वगळलेले आहेत, त्यामुळे तो दरवाजा बंद. मात्र चूक मागच्या टेम्पोची असेल, तर आपल्या कंपनीने न दिलेल्या रकमेसाठी मालक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. खासगी मोटारीच्या किंवा टेम्पोच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत धरलेले असते. हा रस्ता लांबचा आहे, फार थोडे लोक त्या वाटेला जातात.

दुरुस्तीनंतर गाडी तीच राहते का, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा वाटतो. तो न्यायालयातही गेला आहे. बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. मग तिच्यात बदल होत गेले, मोठे इंजिन बसले, आणि १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती भिंतीवरून उलटून तिचा चालक मेला. त्यानंतर उरलेल्या सामानातून ती दोन दारांची बंद गाडी म्हणून पुन्हा बांधली गेली. पुढे कधीतरी तिला पुन्हा शर्यतीच्या गाडीचे रूप दिले. १९९०च्या सुमारास तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, आणि घेणाऱ्याने माघार घेतली: ल मां जिंकणारी गाडी ती हीच कशावरून? यातले जुने असे उरले आहे किती? लंडनच्या उच्च न्यायालयाने बराच कीस काढून निकाल दिला, की तिला ‘मूळ’ गाडी म्हणता येणार नाही, पण ती कधी मोडीत निघून तिच्या जागी दुसरी आली असेही झालेले नाही. बदलत बदलत का होईना, तिचा प्रवास अखंड आहे, म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च. सौदा पाळावा लागला.

विम्याच्या दृष्टीने या निकालातला जीव ‘अखंड’ या शब्दात आहे. गाडीचा प्रवास कागदावर तुटला, की तिची किंमत तुटते. ब्रिटनमध्ये टोटल लॉस झालेल्या गाड्यांना विमा कंपन्या ए, बी, एस आणि एन असे शिक्के मारतात. पहिल्या दोन रस्त्यावर परत येऊ शकत नाहीत. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार, ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत. हे शिक्के ऑक्टोबर २०१७पासूनचे, आणि ते गाडीच्या नोंदीला कायमचे चिकटतात. तिथले हौशी म्हणूनच दाव्याच्या वेळी भंगार स्वतःकडे ठेवण्याचा हक्क पॉलिसीत आधीच मागून घेतात. आपल्याकडेही गाडी टोटल लॉस ठरल्यावर भंगाराची किंमत वजा करून ती स्वतःकडे ठेवण्याचा सौदा होतो. पण नोंदणी रद्द करून द्या, असे कंपनीने म्हटले की जुन्या गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. १९५०च्या दशकातल्या ‘डुक्कर फियाट’ची आरसी एकदा गेली, की मागे राहतो तो फक्त पत्रा.

आरसीचे महत्त्व २०२१नंतर आणखी वाढले. त्या वर्षी जुलैत केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंतर पाच-पाच वर्षांसाठी पाच हजार. अट एवढीच, की चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. शांततेच्या काळात ही अट सहज पार पडते. अपघातानंतर मात्र गॅरेजवाल्याने ‘साहेब, दुसरी बॉडीच टाकू’ म्हटले, की दुरुस्तीच्या नादात ओळखच हातची जायची वेळ येते.

थर्ड पार्टी हप्त्यावर अशा नोंदणीकृत व्हिंटेज गाडीला ५० टक्के सूट आहे. २०२२च्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, त्याच्या निम्मे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरही टॅरिफने व्हिंटेज गाड्यांना २५ टक्के सूट ठेवली होती, पण त्यातली व्हिंटेजची व्याख्या निराळी: ३१ डिसेंबर १९४०च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली. म्हणजे १९५६ची फियाट आरटीओच्या दारात व्हिंटेज, आणि टॅरिफच्या दारात नुसती जुनी. सूट घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. ‘व्हीए’ नंबरची गाडी रोजच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. सोमवारी सकाळी नऊ वाजता ऑफिसच्या वाटेवर तिचा अपघात झाला, तर दाव्याच्या अर्जात ‘कुठे चालला होता’ या रकान्यासमोर पेन थोडे अडखळेल.

दावा मिळाला, गाडी आली, आता पुढच्या वर्षाचे काय? सगळ्यांना आठवतो तो नो क्लेम बोनस. पहिल्या बिनदाव्याच्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक दावा केला की शून्य. ५० टक्क्यांवर असलेल्याला पुन्हा तिथे पोचायला पाच वर्षे लागतात. या पाच वर्षांत बुडालेली सूट जोडली तर ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे एका वर्षाच्या मूळ हप्त्याच्या सव्वापट. मुंबई-पुण्यातल्या दहा वर्षांहून जुन्या, पद्मिनीएवढ्या गाडीला २००२च्या टॅरिफचा दर ३.५२९ टक्के होता. आजचे दर कंपनीगणिक वेगळे असले तरी अंदाजासाठी तो चालेल. चार लाखांवर हप्ता होतो १४,११६ रुपये, आणि बुडालेला बोनस पाच वर्षांत मिळून साडेसतरा हजारांच्या थोडा वर. थोडक्यात, ओरखड्याचे बारा हजारांचे बिल असेल तर गपचूप खिशातून भरावे, आणि ४६ हजारांचे असेल तर बोनसला निरोप द्यावा. थर्ड पार्टीच्या हप्त्याला हा बोनस लागूच नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

कंपनी बदलली की जुना दावा विसरला जाईल, असा एक समज आहे. तो महागात पडतो. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खातरजमा करते, आणि खोटे सांगितल्याचे पुढच्या दाव्याच्या वेळी उघड झाले तर पूर्ण दावाच धोक्यात येतो. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हीसुद्धा एक कामाची बाब. टोटल लॉसनंतर दुसरी गाडी घेतली तर दाव्यामुळे तो शून्यच असतो, पण धडधाकट जुनी गाडी विकून दुसरी घेणाऱ्याच्या मागून तो चालत येतो. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवस उलटले, की तोही विरतो, आणि मधल्या खंडानंतर कंपनी गाडी बघितल्याशिवाय विमा देत नाही. नुकत्याच ठोकलेल्या जुन्या गाडीची तपासणी फार प्रेमाने होत नाही. काही ठिकाणी तर ‘फक्त थर्ड पार्टी देतो’ असे उत्तर मिळते. तेव्हा दुरुस्तीची बिले, आधी-नंतरचे फोटो, चासी आणि इंजिन नंबरचे ठसे, मान्यताप्राप्त मूल्यांककाचे पत्र, क्लबचे सदस्यत्व, हे सगळे एका फायलीत लावून नेलेल्या माणसाशी एजंटचा आवाज बदलतो.

जुन्या गाड्यांचे घरगुती दुखणे मात्र वेगळेच आहे: गाडी आजोबांची, आणि कागदही आजोबांचेच. पॉलिसीतली अट सांगते, की विमाधारक गेला तर पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने, किंवा मुदत आधी संपत असेल तर तोवर, ती चालू राहते. तेवढ्यात वारसाने नाव बदलून घ्यायचे. आपल्याकडे तेरावे झाल्यावर बँक, घर, गॅस यांची नावे बदलतात, गाडीचे नाव राहून जाते, आणि नातू वीस वर्षे इमानेइतबारे आजोबांच्या नावाने हप्ता भरत राहतो. हप्ता घेताना कुणी हरकत घेत नाही. हरकत दाव्याच्या वेळी निघते. नोंदणीचेही तेच. वैध नोंदणी नसताना वाहन रस्त्यावर चालवणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका प्रकरणात म्हटले. तिथे तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणी नूतनीकरण करण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी तो निकाल आठवावा.

आणि शेवटी पुन्हा तोच आकडा. अपघातानंतर दुरुस्तीवर पैसे गेले, नवा रंग झाला, क्रोम चमकले. म्हणजे गाडीची किंमत वाढली की ठोकल्याचा डाग लागून ती उतरली? ॲटकिन्सनच्या गाडीबाबत बाजाराने स्वच्छ उत्तर दिले, पण तिची दुरुस्ती तिला जन्म देणाऱ्या कारखान्यात झाली होती आणि प्रत्येक स्क्रूचा कागद होता. पद्मिनीच्या बाबतीत उत्तर मालकाच्या फायलीतच शोधावे लागते. फेब्रुवारी-मार्च आला, पॉलिसी संपत आली, की एजंटचा फोन येतो.

‘‘काका, पद्मिनीचं रिन्यूअल आलंय. क्लेम झालाय ना, बोनस गेला. हप्ता वाढेल थोडा. आयडीव्ही कमी करू का? पंचावन्न टाकतो, परवडेल तुम्हाला.’’

काका टीव्हीचा आवाज कमी करतात. कपाटातून निळी फाइल काढतात, चष्मा शोधतात आणि म्हणतात, ‘‘थांब जरा. मूल्यांककाचं पत्र आहे माझ्याकडे. लिहून घे.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग कीबोर्डचा आवाज.

‘‘हं, बोला. किती टाकू?’’